ब्लूमिंग्टनचे शांतिमंदिर सर्वधर्मीय कोणत्या अर्थाने?

इंडियानावासी

सर्वांना जय भीम. इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन येथे तिबेटी सांस्कृतिक केंद्राच्या आवारात चामत्से लिंग नावाचे मंदिर आहे. सप्टेंबर २००३ मध्ये दलाई लामांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले, ते सर्व धर्मांच्या लोकांसाठी शांततेचे स्थान म्हणून. पुढच्या महिन्यात आई-बाबा नागपूरहून येत आहेत आणि त्यांना तेथे नेण्याचा विचार आहे. छायाचित्रे पाहून बाबांनी विचारले की, आवारात चोर्तेन (म्हणजे तिबेटी स्तूप), पताका आणि मंत्र कोरलेली प्रार्थनाचक्रे असतील आणि लोकार्पणही बौद्ध धर्मगुरूंनीच केले असेल, तर हे मंदिर सर्वधर्मीय कसे? शिवाय त्रिशरण-पंचशीलापलीकडे कर्मकांड न मानणाऱ्या आमच्यासारख्यांनी तेथे कसे वागावे?

मठयात्री

या जागेचा इतिहास पाहिल्याशिवाय उत्तर नीट लागणार नाही. दलाई लामांचे थोरले बंधू थुबतेन जिग्मे नोर्बू, म्हणजेच तक्त्सेर रिनपोछे, हे तिबेटी बौद्ध परंपरेतील कुंबुम मठाचे माजी मठाधिपती. मायभूमी सोडावी लागल्यानंतर ते १९६५ पासून इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले आणि १९७९ मध्ये त्यांनी हे केंद्र स्थापन केले. प्राण गमावलेल्या तिबेटी लोकांच्या स्मरणार्थ तेथे १९८७ मध्ये चोर्तेन उभा राहिला, तर १९९९ मध्ये दलाई लामांनी ब्लूमिंग्टनमध्ये कालचक्र ही तिबेटी बौद्ध परंपरेतील दीक्षा दिली. म्हणजे जागा मुळात तिबेटी निर्वासितांची, त्यांच्या दुःखाची आणि श्रद्धेची. तिने इतरांसाठी दार उघडले, हे मला मोठे वाटते. २००३ च्या सोहळ्यात दलाई लामांसोबत मुहम्मद अली होते. शेजारच्या केंटकीतील लुइव्हिल शहरात जन्मलेला, १९६० च्या दशकात इस्लाम स्वीकारलेला आणि व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जाण्यास नकार देऊन जगज्जेतेपद गमावलेला हा मुष्टियोद्धा तोवर कंपवाताने थकलेला होता. शांतिमंदिराच्या लोकार्पणाला याहून योग्य पाहुणा मला तरी सुचत नाही.

सत्यशोधक_पुणे

तरीही काकांच्या शंकेत तथ्य आहे, असे मी आदरपूर्वक म्हणेन. पुढे केंद्राच्या नावात मंगोलियन परंपरेचाही समावेश झाला, कुंबुमचेच माजी मठाधिपती अर्जिया रिनपोछे संचालक झाले आणि आज ती वास्तू कुंबुम चामत्से लिंग मठ म्हणून ओळखली जाते. तेथील नित्य उपासना बौद्धच आहे. त्यामुळे सर्व धर्मांची समान मांडणी पाहायला मिळेल, अशी अपेक्षा घेऊन जाऊ नये.

पण दलाई लामांनी तशी सरमिसळ कधी सुचवलेलीही नाही. आपापल्या धर्मात राहावे आणि दुसऱ्याचा धर्म आदराने समजून घ्यावा, हे ते सातत्याने सांगत आले आहेत. १९९४ मध्ये लंडनला ख्रिस्ती श्रोत्यांसमोर त्यांनी बायबलमधील शुभवर्तमानाच्या उताऱ्यांवर विवेचन केले, ते बौद्ध भिक्षू म्हणूनच. माझ्या मते लोकार्पणाकडेही याच दृष्टीने पाहावे: यजमान बौद्ध आहे आणि तो ते लपवत नाही, पण येणाऱ्याला त्याचा धर्म दाराबाहेर ठेवायला सांगत नाही.

वर्धेकर

आई-बाबा नागपूरचे आहेत, तर त्यांना वर्ध्याजवळच्या गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमाची आठवण करून द्या. जपानी भिक्षू निचिदात्सू फुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. पुढे फुजींच्या परंपरेचा ‘नम्यो हो रेंगे क्यो’ हा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत आला आणि आजही त्याच प्रार्थनेत उपनिषदातील वचन, गांधीजींची एकादश व्रते, कुराणातील आयत आणि पारशी प्रार्थना म्हटली जाते. तेथे ना गाभारा, ना मूर्ती. उघड्या मैदानावर झाडाजवळ सगळे जमिनीवर बसतात. ब्लूमिंग्टनची रीत वेगळी आहे: तेथे एका परंपरेचे घर आहे आणि पाहुणे अनेक. दोन्ही रीती खऱ्या आहेत आणि मला दोन्ही जपाव्याशा वाटतात.

मठयात्री

वागण्याविषयी: चोर्तेनला उजवीकडे ठेवून, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरावे, प्रार्थनाचक्रही त्याच दिशेने हाताने फिरवतात. दोन्हींची सक्ती नाही. मंदिरात पादत्राणे काढावीत आणि पूजा सुरू असल्यास मागे शांत बसावे. आई-बाबांनी बुद्धमूर्तीसमोर पालीतून त्रिशरण म्हटले तर ते तेथे परके ठरणार नाही, कारण बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणे दोन्हीकडे सारखेच आहे. जाण्यापूर्वी मंदिर उघडण्याच्या वेळा मात्र केंद्राकडे विचारून घ्या.