इंटेल आय५-४५९० प्रोसेसर आहे, तरी केव्हीएम (लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) चालू होईना

संत्रा_कर्नल
नागपूरच्या बर्डीवरून ऑफिसातला जुना डेस्कटॉप घेतला, १६ जीबी रॅम. डेबियनवर ६.१२ कर्नल स्वतः कंपाइल केलं, कॉन्फिग फाइलमध्ये केव्हीएम_इंटेल=वाय (वाय म्हणजे कर्नलमध्येच बसवलेलं) हाताने लिहिलं. पण /डेव्ह/केव्हीएम ही डिव्हाइस फाइल नाही आणि सीपीयूइन्फोत (प्रोसेसरच्या माहितीत) व्हीएमएक्स हा व्हर्च्युअलायझेशनचा फ्लॅगही नाही. क्यूएमयू (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) चालतं, पण रडतखडत. प्रोसेसरच बाद आहे का भाऊ?

बजाजनगर_रूट
प्रोसेसर ठीक आहे. बायोसमध्ये व्हीटी-एक्स (इंटेल प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) बंद असलं की ५.६ पासून कर्नल तो फ्लॅगच लपवतं. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) ‘डिसेबल्ड बाय बायोस’ शोधा, ओळ सापडेल. ऑफिसातून निघालेल्या मशिनीत हे हमखास तपासायचं. बायोसमध्ये चालू करा, सेव्ह करा आणि नुसतं रीस्टार्ट न करता भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा लावा. ही सेटिंग प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये लॉक होते. काही बोर्डांवर साध्या रीबूटने लॉक निघत नाही.

दुसरं, ती फाइल हाताने लिहू नका. वरचा ‘व्हर्च्युअलायझेशन’ मेन्यू बंद असेल तर मेक ओल्डडेफकॉन्फिग (जुनी कॉन्फिग नव्याने जुळवणारी कमांड) तुमची ओळ गुपचूप उडवतं, एररही देत नाही. मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडायच्या मेन्यूत) ‘/’ दाबून नाव शोधा, पर्याय कोणत्या अटीमुळे अडलाय ते तिथेच दिसतं. केव्हीएम, केव्हीएम_इंटेल दोन्ही एम (म्हणजे वेगळं मॉड्यूल) ठेवा. पॅरामीटर बदलायला मग मॉड्यूल काढून पुन्हा लावलं की झालं. शेवटी युजरला केव्हीएम ग्रुपमध्ये टाकून पुन्हा लॉगिन करा.

महाल_ब्रिज
त्याच फेरीत व्हर्च्युअल मशीनच्या नेटवर्कसाठी लागणारे टन, ब्रिज, व्हीहोस्ट_नेट हे पर्याय पण घ्या, नाही तं परत कंपाइल करत बसाल. वायफाय कार्ड ब्रिजला जोडायच्या नादी लागू नका: क्लायंट मोडमध्ये राउटर दुसऱ्या मॅक पत्त्याच्या फ्रेम घेत नाही. केबल टाका किंवा नॅट (होस्टच्याच पत्त्यावरून नेट देणं) वापरा. गेस्टचं (आत चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनचं) कर्नलही स्वतः बनवणार असाल तर त्यात व्हर्टआयओ_पीसीआय आणि व्हर्टआयओ_ब्लॉक हे व्हर्च्युअल डिस्कचे ड्रायव्हर वाय हवेत. इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी छोटी फाइलसिस्टिम) नसताना एम ठेवले की रूट डिस्क दिसत नाही, थेट पॅनिक, म्हणजे कर्नल तिथेच थांबतं.

संत्रा_कर्नल
बायोसमध्ये बंदच होतं. /डेव्ह/केव्हीएम आलं! पण आता व्हर्च्युअलबॉक्स (व्हर्च्युअल मशीनचा दुसरा प्रोग्राम) ‘व्हीएमएक्स रूट मोड’ची एरर देतं.

बजाजनगर_रूट
६.१२ पासून केव्हीएम मॉड्यूल लोड होताच व्हीटी-एक्स ताब्यात घेतं. आधी पहिलं व्हीएम सुरू झाल्यावर घ्यायचं. बूट ओळीत केव्हीएम.इनेबल_व्हर्ट_अ‍ॅट_लोड=० घाला. केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्स आलटूनपालटून चालतील, एकाच वेळी नाही. माझं मत विचाराल तर व्हर्च्युअलबॉक्स काढूनच टाका.