मान्त्सला बुडवलं ते प्रोटेस्टंटांनी

एकांनी लिहिलंय की सोळाव्या शतकातल्या ॲनाबॅप्टिस्टांना कॅथलिकांनी मारलं. (ॲनाबॅप्टिस्ट म्हणजे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती धर्मात घेण्याचा विधी, न मानता तो मोठेपणी पुन्हा घेणारे.) अर्धंच खरं आहे ते. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्त्सला स्वित्झर्लंडमधल्या झुरिचच्या प्रोटेस्टंट नगरपरिषदेने मारलं, आणि तो तर तिथला प्रोटेस्टंट धर्मसुधारक झ्विंग्ली याच्याच तालमीतला! हिब्रू उत्तम जाणणारा, चांगला शिकलेला माणूस. तान्ह्या बाळाला विश्वास काय कळणार, त्याचा बाप्तिस्मा कसला, एवढाच वाद. पण त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे गावच्या वहीत नाव लागणं. तो नाकारणारा सत्तेला फितूर वाटला, यात मला तरी नवल वाटत नाही. जानेवारी १५२५ मध्ये या मंडळींनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. मार्च १५२६ मध्ये परिषदेने फर्मान काढलं: जो असा बाप्तिस्मा देईल त्याला बुडवा. म्हणजे पाण्याच्या गुन्ह्याला पाण्याचीच शिक्षा. क्रूर थट्टाच ती.

५ जानेवारी १५२७. ऐन थंडीत मान्त्सला झुरिचच्या लिमात नदीत नेलं. हात बांधून गुडघ्यांखाली ओढले आणि मधून दांडकं घातलं, म्हणजे हातपाय मारायची सोयच उरली नाही. काठावरून त्याची आई आणि भाऊ ओरडून सांगत होते, डगमगू नकोस. (आईच्या काळजाचं काय झालं असेल!) तो लॅटिनमध्ये म्हणाला, ‘प्रभो, माझा आत्मा तुझ्या हाती सोपवतो.’

त्याचा साथीदार ब्लाउरॉक शहराचा नागरिक नव्हता, म्हणून फटके मारून हाकलला गेला. १५२९ मध्ये आल्प्समधल्या टिरोल प्रांतात त्याला जाळलं. लिमातच्या काठी २००४ मध्ये मान्त्स आणि त्याच नदीत बुडवलेल्या आणखी पाच जणांच्या स्मरणार्थ शिळा बसवली आहे.