सल्ला हवा: नोकरी सोडतेय, ‘पर्सनल ब्रँड’ कसा शोधू?

गेजताई: नमस्कार मंडळी. नाशिकला अंबड एमआयडीसीत १८ वर्षं क्वालिटी विभागात (मालाची तपासणी) काढली. दिवाळीनंतर नोकरी सोडून छोट्या वर्कशॉपना सल्ला द्यायचं काम सुरू करतेय. सगळे म्हणतात, आधी पर्सनल ब्रँड बनव. पण लोक मला नेमकं कशासाठी ओळखतात, हेच मला धड सांगता येत नाही. कोच लावू की घरीच बसून काही करता येईल? बजेट ५,००० रुपये, वर एक रुपया नाही.

कोथरूडकर: कोच लावाच. मी ४०,००० भरले, सहा महिन्यांत वसूल झाले. फोटोही चांगल्या स्टुडिओत काढा. पाच हजारांत काही होत नाही.

सांगलीचा पोरगा: ताई, नका! माझे २५,००० गेले. हातात काय आलं, तर एक लोगो आणि ‘पॅशनेट प्रोफेशनल’ ही ओळ. बॅचमधल्या आणखी दोघांनाही तीच ओळ दिली होती. अजून राग जात नाही.

मनस्वी: इकिगाईची (जगण्याचं कारण) चार वर्तुळं भरा: काय आवडतं, काय जमतं, जगाला काय हवंय, पैसे कशाचे मिळतात. प्राचीन जपानी पद्धत आहे.

वाचक७६: शब्द जपानी आहे, वर्तुळं नाहीत. ती आकृती आधीपासून वेगळ्या नावाने फिरत होती. २०१४ मध्ये मार्क विन नावाच्या ब्लॉगलेखकाने तिच्यावर इकिगाई हा शब्द चढवला.

मनस्वी: कुणाची का असेना, मला उपयोग झाला.

डोंबिवलीकर: धागा भरकटतोय. ताई, जोहरी खिडकी करा. १९५५ मध्ये जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम यांनी मांडली, दोघांच्या नावांवरून जोहरी. विशेषणांच्या यादीतून पाच-सहा शब्द आपण निवडायचे, तीच यादी ओळखीच्यांना द्यायची. त्यांनी निवडलेलं पण आपल्याला न सुचलेलं जे असतं, ते नीट बघा. फुकट आहे.

निवृत्त फोरमन: माल रिजेक्ट झाला की पाच वेळा ‘का’ विचारता ना? तेच स्वतःला विचारा. लोक माझ्याकडे का येतात? जे उत्तर येईल त्याला परत का. आणि मशीनवरच्या माणसांना विचारा, साहेबाला नको. साहेब अप्रेझलची भाषा बोलतात.

कोथरूडकर: कोच हेच करून घेतो, पण शिस्तीत. लिंक्डइनच्या हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात, ती तरी नीट भरा.

सोलापूरची सून: मीही हेच सांगणार होते, कोच नको, माणसांना विचारा.

गेजताई (आठ दिवसांनी): सगळ्यांचे मनापासून आभार. कोच लावला नाही, यादीही कुणाला दिली नाही. माळ्यावरून शिफ्टच्या जुन्या डायऱ्या काढल्या, नऊ निघाल्या. रोज रात्री एक वाचली. मला वाटायचं माझी ताकद क्वालिटी ऑडिटमध्ये आहे. डायरीत ऑडिटच्या दिवशी जेमतेम दोन ओळी. पानंच्या पानं भरलीत ती नव्या पोरांना माप घ्यायला शिकवल्याची. एका पानावर व्हर्निअरच्या (बारीक माप घ्यायचं साधन) दोन पट्ट्या काढल्यात, रेघ जुळते तिथे लाल खूण, खाली लिहिलंय: ‘२४.३६. तिसऱ्या खेपेला बरोबर आलं. पोरगं हसलं.’ ते वाचून बराच वेळ तशीच बसले. ऑडिटची कामं घेणार नाही. वर्कशॉपमधल्या मुलांना मापं शिकवणार, मराठीतून. बजेटमधून शिकवण्यासाठी नवा व्हर्निअर घेतला.

कोथरूडकर: ऑडिटला पैसे जास्त आहेत, ताई. परत विचार करा.

निवृत्त फोरमन: सातपूरला ओळखीचं वर्कशॉप आहे, सहा पोरं नवी लागलीत. नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.