मदत हवी आहे: केनियातली स्वयंसेवा आणि माउंट केनियाचं शिबिर, नाशिकच्या मुलांची तयारी कशी करून घ्यावी?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. नाशिकमधली १७ ते २१ वयाची १४ मुलं-मुली जुलैच्या मध्यात पाच आठवड्यांसाठी केनियाला जाणार आहेत. चार आठवडे नान्युकीजवळच्या एका गावात वृक्षारोपण आणि शाळेची डागडुजी, शेवटच्या आठवड्यात माउंट केनियावर पॉइंट लेनानापर्यंत (४९८५ मीटर) चढाई. आता मार्च सुरू आहे. चौघांची बारावी संपतेय आणि पाठोपाठ सीईटी आहे. पाच जणांकडे पासपोर्टच नाही.

कागदपत्रं आणि लसी कोणत्या क्रमाने उरकाव्यात? नाशिकच्या आसपास सराव कुठे करावा, किती वजन घेऊन? यजमान संस्थेला काय काय विचारून घ्यावं? निम्मी मुलं शाकाहारी आहेत, त्यामुळे पालकांचा पहिला प्रश्न खाण्याचाच असतो. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

कागदी_घोडे
पासपोर्ट याच आठवड्यात भरायला घ्या. साधी फी १५०० रुपये, तत्काळचे वर २०००. १५ ते १८ वयाच्या मुलांना दहा वर्षांचा पासपोर्ट मिळू शकतो, तोच घ्या. १८ पूर्ण होईपर्यंतचा घेतला तर पाचशे रुपये वाचतात आणि वर्षभरात पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. अल्पवयीनांसाठी दोन्ही पालकांच्या सहीचं परिशिष्ट ‘डी’ लागतं.

घोळ होतो तो नावात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना वेगळा आणि नाव व वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात. आधारवर वडिलांचं नाव गाळलेलं असेल तर आधी आधार दुरुस्त करा. विमानाचं तिकीट पासपोर्टवरच्या नावाने काढायचं, कॉलेजच्या ओळखपत्रावरच्या नव्हे. परतीच्या दिवसानंतर किमान सहा महिने मुदत उरलेली हवी. ज्यांच्याकडे जुने पासपोर्ट आहेत त्यांचेही उघडून बघा.

यलो फीव्हरच्या लसीबद्दल बहुतेकांची उलटी समजूत असते. भारतातून थेट गेलात तर केनिया ती मागत नाही. आपलं सरकार परत येताना मागतं. प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात. लस सरकारने नेमलेल्या ठराविक केंद्रांतच मिळते, मुंबईत आहेत, भेटीची वेळ आधी घ्यावी लागते. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. अंड्याची तीव्र अॅलर्जी असलेल्यांना ही लस देत नाहीत. त्यांनी आधी डॉक्टरांना भेटून सूटपत्राचं बघावं. केंद्रावर पासपोर्ट दाखवावा लागतो, म्हणून पासपोर्ट पहिला.

बाकी लसी: टायफॉइड, हिपॅटायटिस ए, धनुर्वाताचा बूस्टर. कुत्रा चावण्याआधीची रेबीजची लस (दोन डोस, सात दिवसांच्या अंतराने) गावात राहणार असाल तर जरूर घ्या, कारण चावल्यावर लागणारं औषध गावात मिळेलच असं नाही. नान्युकी उंचावर आहे, मलेरियाचा धोका कमी. पण शेवटी मोंबासा किंवा पश्चिम केनियाची सहल जोडली असेल तर प्रतिबंधक गोळ्या लागतील. डॉक्सिसायक्लिन एक-दोन दिवस आधी सुरू करून परत आल्यावरही चार आठवडे घ्यावी लागते, आणि घरी आलं की मुलं नेमकी तीच बंद करतात.

आता सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. जानेवारी २०२४ पासून केनियाला जायला ऑनलाइन ईटीए (प्रवासाआधी घ्यायचा प्रवेश परवाना) काढावा लागतो, प्रत्येकाचा वेगळा. पण पर्यटक म्हणून घेतलेल्या परवान्यावर स्वयंसेवा चालेलच असं धरू नका. पगार नसला तरी बरेच देश ते कामच धरतात. स्पेशल पास (थोड्या काळाच्या कामाचा परवाना) लागतो का, कोण काढणार, पैसे कोणाचे, हे यजमान संस्थेकडून लेखी घ्या. शाळेत मुलांबरोबर काम आहे म्हणून पोलिसांचा चारित्र्य दाखलाही मागतील. तो पासपोर्टच्या संकेतस्थळावरूनच निघतो, फी ५००.

अठराच्या आतल्यांसाठी दोन्ही पालकांचं इंग्रजी संमतिपत्र, नोटरी केलेलं.

कातळकडा
सरावाचं लिहितो. कळसूबाई १६४६ मीटर. नैरोबीचा विमानतळच १६०० च्या वर आहे. म्हणजे मुलं विमानातून उतरतील ती जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर. सह्याद्रीत पाय, गुडघे आणि दम तयार होतो. विरळ हवेची सवय इथे होत नाही, हे पालकांनाही स्पष्ट सांगा.

मार्च: आठवड्यातून चार दिवस गोल्फ क्लब मैदानावर ४० मिनिटं झपझप चालणं. पळण्याचा हट्ट नको. रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या, वर-खाली तीन फेऱ्या, पाठीवर ४ किलो. एप्रिल: अंजनेरी, ब्रह्मगिरी, ६ किलो. पहाटे पाचला चालायला लागा आणि दहाच्या आत खाली या, नंतर कातळ तापतो. मे: शनिवारी धोडप, रविवारी मार्कंड्या असे लागोपाठ दोन दिवस. दुसऱ्या दिवशी दुखऱ्या पायांनी चालणं हाच खरा सराव. जूनमध्ये ८ किलो घेऊन कळसूबाई. त्यापुढे वजन वाढवू नका, माउंट केनियावर मोठं सामान हमाल नेतात. सीईटीवाल्यांनी पायऱ्या तेवढ्या सोडू नयेत, बाकी मेच्या अखेरीस गाठता येईल. हरिहर रीलसाठी बरा आहे. पावसाळ्यातल्या रविवारी त्या खड्या पायऱ्यांवर गर्दीत १४ मुलं पाठपिशव्यांसकट नेऊ नका.

पिशवीत वजन म्हणून दगड नको, पाण्याच्या बाटल्या भरा. दोन लिटरची बाटली म्हणजे दोन किलो. माथ्यावर रिकामी केली की उतरताना गुडघे वाचतात (मे महिन्यात ओतून द्यायची वेळच येत नाही, पिऊनच संपतं). जूनमध्ये मात्र वजन उतरतानाही ठेवा, कारण लेनानाहून एका दिवसात बरंच खाली यायचं असतं आणि मांड्या तिथेच जातात.

बूट एप्रिलमध्येच घ्या, अर्धा नंबर मोठे, आणि सगळा सराव त्यातच करा. आत पातळ मोजा, वरून जाड. टाचेला गरम वाटायला लागलं की तिथेच थांबून टेप लावायचा; फोड आल्यावर लावून उपयोग नसतो.

चढाईचा मार्ग कोणता आणि किती दिवसांचा?

गोदाकाठ
सिरिमॉनचा मार्ग. पहिला मुक्काम ओल्ड मोझेस, दुसरा शिप्टन्स, तिसऱ्या दिवशी पहाटे माथा आणि उतरणं.

कातळकडा
बदलून घ्या. सिरिमॉन गेट साधारण २६५० मीटर, ओल्ड मोझेस ३३००, शिप्टन्स ४२००. म्हणजे एका दिवसात झोपण्याची उंची ९०० मीटरने वाढते. ३००० मीटरच्या वर एका रात्रीत ५०० पेक्षा जास्त चढू नये असा नियम आहे. ओल्ड मोझेसला दोन रात्री राहा. मधल्या दिवशी ३७००-३८०० पर्यंत चढून परत खाली येऊन झोपायचं. शिप्टन्सलाही दोन रात्री मिळाल्या तर उत्तम. खर्च वाढेल, पण लेनानाहून परत फिरणाऱ्यांत दमलेल्यांपेक्षा डोकं धरून बसलेलेच जास्त असतात. नान्युकीला १९०० मीटरवर चार आठवडे राहून थोडा फायदा होतो, फार नाही.

रोज संध्याकाळी प्रत्येकाला विचारा: डोकं दुखतंय का, मळमळतंय का, जेवण गेलं का. मग सरळ रेषेत टाचेला पंजा लावून दहा पावलं चालायला लावा. झोक गेला तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री खाली. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांनी लिहून दिली तरच, सल्फाची अॅलर्जी असेल तर विचारूनच.

विम्याचं आत्ताच बघा. साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले असतात किंवा उंचीची मर्यादा असते. ‘५००० मीटरपर्यंत ट्रेकिंग’ आणि ‘हेलिकॉप्टरने सुटका’ हे दोन्ही शब्द पॉलिसीत छापलेले दिसायला हवेत. एजंट तोंडी हो म्हणाला, याला काही अर्थ नाही.

रोपवाटिका
जुलै-ऑगस्टमध्ये वृक्षारोपण? माउंट केनियाच्या त्या भागात मुख्य पाऊस मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. आपला हंगाम तिथे चालत नाही. कोरड्यात लावलेली रोपं कोण जगवणार, हे संस्थेला विचारा. रोपवाटिकेत पिशव्या भरणं, आच्छादन करणं, आधीच्या रोपांना पाणी घालणं, असं उत्तर आलं तर संस्था खरी. ‘मुलं हजार झाडं लावतील, फोटो काढू’ असं आलं तर सावध व्हा. गेल्या वर्षी लावलेली किती जगली, तेही विचारा. वांगारी माथाई यांची १९७७ पासूनची ग्रीन बेल्ट चळवळ त्याच देशातली. गावातल्या बायकांना रोपांची जबाबदारी देऊन ते काम उभं राहिलं. मुलांनी जाण्याआधी वाचावं.

शाळेचं काम म्हणजे नक्की काय? रंगकाम, सफाई ठीक. भिंत बांधायची असेल तर स्थानिक गवंडी हवा, मुलांनी त्याच्या हाताखाली माल कालवावा. आणि कार्यक्रमात ‘अनाथाश्रमाला भेट’ असेल तर काढून टाका. पाहुण्यांच्या पैशासाठी आईबाप असलेली मुलंही आश्रमात ठेवली जातात, युनिसेफने त्याबद्दल इशारे दिलेले आहेत.

सटाणकर
एवढा खर्च करून केनियात झाडं लावण्यापेक्षा पेठ-सुरगाण्यात लावा की. तिथेही हात हवेच आहेत.

रोपवाटिका
@सटाणकर, बरोबर आहे, आणि तीच रंगीत तालीम होऊ शकते. मे महिन्यात सुरगाण्याकडे ओळखीच्या शेतात दोन दिवस मुक्काम, दीड बाय दीड बाय दीड फुटाचे खड्डे, प्रत्येकी चार. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला, भरताना वरची आधी. पहिल्या तासात तळहाताला फोड येतात, ते इथेच येऊन जाऊ देत. जूनच्या पावसात त्याच खड्ड्यांत रोपं लावून या.

चूलबोळकी
खाण्याची चिंता नको. गावात रोजचं जेवण उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत सुकुमा विकी नावाची पालेभाजी. मका-घेवड्याची गिथेरी असते, चपातीही मिळते. शाकाहाऱ्यांचं भागतं, मात्र रस्सा मटणाचा नाही ना हे विचारायला शिकवा. गिथेरी न आवडणाऱ्यांसाठी मेतकूट, शेंगदाण्याची चटणी. सुकं खोबरं मात्र विमानात चालत नाही, ना हातातल्या बॅगेत ना खालच्या. खोबऱ्याची वाटी बॅगेत सापडली की काढून घेतात.

केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, त्यामुळे कपडे-चपला प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून नेऊ नका, जुन्या उशांचे अभ्रे वापरा. राष्ट्रीय उद्यानात प्लॅस्टिकची पाण्याची बाटलीही चालत नाही, स्टीलच्या दोन घ्या. पॉवर बँक २०,००० एमएएचपर्यंत, हातातल्या बॅगेत. प्लग चौकोनी तीन पिनांचा.

सुरगाण्याच्या मुक्कामात स्वयंपाक मुलांनीच करावा. १६ जणांची खिचडी: तांदूळ १ किलो ६०० ग्रॅम, मूगडाळ ८०० ग्रॅम, पाणी मापाने चौपट. आधण कमी पडलं की तळ लागतो आणि तो घासायलाही त्यांनाच लावा. डोंगरावर हा बेत नको, ४२०० मीटरवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजत नाही. तिथे शेवया, रव्याचा उपमा.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. संस्थेला दोन जादा रात्री, स्पेशल पास आणि रोपांचा हंगाम यावर आज पत्र टाकतो. पासपोर्ट नसलेल्या पाच जणांच्या अपॉइंटमेंट उद्या घेतोय. ८ किलो पेलणारी, कमरेचा पट्टा असलेली पाठपिशवी किती लिटरची घ्यावी?

कातळकडा
रोजच्यासाठी ३० ते ३५ लिटर. वजन कमरेच्या हाडावर यायला हवं, म्हणून दुकानात ८ किलो भरून दहा मिनिटं फिरून बघा. हमालाकडे द्यायला वेगळी मऊ डफल बॅग, चाकांची नको.