तयार जोडणीचे फर्निचर आपल्या घराच्या मापाचे करून घेता येईल का?

गिरणाकाठ, जळगाव

नमस्कार. गेल्या दिवाळीत मी ऑनलाइन तीन वस्तू मागवल्या. दोन उघडे रॅक आहेत, प्रत्येकी १८० सें.मी. उंच, ८० सें.मी. रुंद आणि ३० सें.मी. खोल. तिसरा रॅक चार खणांचा, चौकोनी, ७२ सें.मी. उंचीचा आणि ३९ सें.मी. खोलीचा आहे. मी आणि माझ्या मुलीने सोबतच्या कागदावरची चित्रे पाहून दीड दिवसात सगळे उभे केले, आणि उभे केल्यावर लक्षात आले की यांतली एकही वस्तू आमच्या घराच्या मापाची नाही.

उंच रॅक स्कर्टिंगच्या फरशीला अडतात आणि वर भिंतीपासून बोटभर सुटे राहतात. चौकोनी रॅक गच्चीच्या दारापुढे येतो, त्यामुळे दार अर्धेच उघडते. उंच रॅकच्या मधल्या फळीवर मी तूर, मूग आणि उडदाच्या वर्षाच्या डाळींचे डबे ठेवले, तर तीन महिन्यांत त्या फळीला स्पष्ट बाक आला. वरच्या फळीवर पापड, कुरडया आणि बिबडे आहेत, ती मात्र सरळ आहे.

चौकोनी रॅकची खोली नऊ सें.मी.ने कापून कमी करावी, उंच रॅकना दारे बसवावीत आणि दहावीतल्या मुलीसाठी अभ्यासाचे टेबल याच सामानातून काढावे, असा विचार आहे. गल्लीतल्या सुतारांना बोलावले, तर त्यांनी फळीवर बोट वाजवून पाहिले आणि "ताई, हा भुसा आहे, याला मी करवत लावणार नाही," असे म्हणून ते चहा घेऊन गेले. खोलीच्या खिडकीत कूलर आहे, हेही सांगून ठेवते, कारण जुना चपलांचा रॅक त्याच्याजवळच होता आणि त्याची तळपट्टी पाण्यात पडलेल्या टोस्टसारखी फुगली होती. श्रावणात कानबाईच्या रोटांना भाऊबंद येतात, त्याआधी घर लावून व्हावे अशी इच्छा आहे. यात काय करता येईल आणि कशाला हात लावू नये?

धुळ्याचा रंधा

ताई, मी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवत होतो, आता निवृत्त आहे. तुमच्या सुतारांचे म्हणणे निम्मे खरे आहे. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा रेझिनमध्ये दाबून केलेली फळी, पण तो कापता येत नाही असे मुळीच नाही. अडचण अशी आहे की या फर्निचरची ताकद लाकडात नसून रचनेत असते, म्हणून कोणता भाग कापला तर रचना मोडते, हे आधी कळले पाहिजे.

तीनही वस्तू एकाच बोर्डाच्या आहेत असे धरून चालू नका. ज्या भोकात गोल कॅम, म्हणजे फिरवून फळ्या आवळणारी चकती, बसतो, तो कॅम काढून आत विजेरीचा प्रकाश टाका. भरड दाणे दिसले तर पार्टिकल बोर्ड, पुठ्ठ्यासारखा गुळगुळीत तपकिरी भाग दिसला तर एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंची दाबलेली फळी. तुमच्या चौकोनी रॅकच्या बाजू जाड असूनही हलक्या असतील आणि मध्यभागी वाजवल्यावर ढोलीसारखा आवाज येत असेल, तर त्या बहुधा पोकळ आहेत. अशा बाजूंना कडेने भरीव पट्टी असते, आत मधाच्या पोळ्यासारखी कागदी जाळी असते आणि वरून पातळ फळी असते. या फळीतून नऊ सें.मी. कापले की भरीव कड गेली आणि कागदाची जाळी उघडी पडली. मग जाळी आतून इंचभर खरवडायची, त्या पोकळीच्या नेमक्या जाडीची लाकडी पट्टी फेव्हिकॉल लावून आत ठोकायची, शिकंज्यात रात्रभर आवळून ठेवायची आणि कॅमची सगळी भोके नव्याने पाडायची. मी हे काम एकदा केले आहे. चार फळ्यांना दोन दिवस गेले आणि एका फळीला शेवटी पोट आलेच. तुमच्या जागी मी असतो तर तो रॅक कापला नसता, त्याची जागा बदलली असती.

बाकाविषयी थोडे हिशेबाने सांगतो. फळीवरचे एकूण वजन तेवढेच ठेवून तिच्या दोन आधारांमधले अंतर दुप्पट केले, तर ती आठपट वाकते. जाडी वाढवली तर याच्या उलट होते, १८ मि.मी.ची फळी २५ मि.मी.ची केली की वाक साधारण पावणेतीन पटीने कमी होतो. तुमची फळी बहुधा १५ मि.मी.ची असेल. ती बदलण्यापेक्षा तिच्या पुढच्या कडेखाली दीड इंच उंचीची सागाची किंवा प्लायची पट्टी उभी धरून फेव्हिकॉल आणि स्क्रूने बसवा. आडवी बसवलेली पट्टी फारशी कामाची नाही, तिची उंचीच बाक रोखते. याशिवाय पार्टिकल बोर्डाला वजनाखाली हळूहळू कायमचा बाक येतो, म्हणून आत्ताची वाकलेली फळी उलटी करून बसवा आणि डाळीचे डबे सर्वांत खालच्या खणात न्या.

पाठीमागची तीन मि.मी.ची हार्डबोर्डची पाठ शोभेची समजू नका. खिळ्यांनी ठोकलेली ती पातळ पाठच रॅकला काटकोनात धरते. स्विचबोर्डासाठी तिच्यात वीतभर चौकोन कापला तर चालेल, पण वायरी नीट जाव्यात म्हणून पूर्ण पाठ काढली, तर रॅक पहिल्या धक्क्याला पत्त्यांच्या घरासारखा तिरपा होतो.

स्कर्टिंगचा प्रश्न मात्र सोपा आहे. बाजूच्या फळ्यांच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात स्कर्टिंगच्या उंचीची आणि जाडीची खाच काढा. बारीक दात्यांची करवत घ्या, रेघेवर आधी चिकटपट्टी लावा आणि तिच्यावरून कापा, म्हणजे पांढरा थर उडत नाही.

बदलीवाले घर, भुसावळ

आमचे घर रेल्वेचे, त्यामुळे हे फर्निचर मी तीन क्वार्टर्समध्ये तीनदा खोलून पुन्हा जोडले आहे. अशा फर्निचरचा जन्मच प्रवासातला आहे. १९५६ साली आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला टेबल गाडीत मावेना, तेव्हा त्याने पाय सुटे केले आणि तिथून ही कल्पना पुढे गेली, असे सांगतात. आयकियाचे भारतातले पहिले दुकान हैदराबादला २०१८ मध्ये उघडले आणि नवी मुंबईचे २०२० च्या डिसेंबरात. खान्देशात मात्र आपल्याला खोक्यातून जे येईल तेच, आणि एखादा कॅम कमी निघाला तर हार्डवेअरच्या दुकानात दिवसभर हिंडणे.

माझा सल्ला जोडणीपुरता आहे. कॅमवर बाण किंवा खूण असते. खोलताना ती खूण बोल्टच्या दांडीकडे आली की फळी आपोआप सुटते, न सुटल्यास ओढू नका, कुठला तरी कॅम अजून आवळलेला असतो. दुसऱ्या खेपेला स्क्रूची भोके सैल होतात आणि भुसा गळतो. तेव्हा जाड स्क्रू घालण्याचा मोह होतो. मी तो केला आणि फळीची कड उभी चिरली. त्यानंतर बांबूची काडी फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकते, दुसऱ्या दिवशी कड सपाट करून बारीक ड्रिलने नवे भोक पाडते आणि स्क्रू हातानेच आवळते. ड्रिल मशीनच्या जोरापुढे पार्टिकल बोर्डाची आटी टिकत नाही.

एक गोष्ट आधीच ठरवा, ताई. हे फर्निचर पुन्हा खोलायचे आहे का? तुमचे घर स्वतःचे असेल, तर लाकडी खुंट्यांना फेव्हिकॉल लावून टाका, रॅक दुप्पट घट्ट होईल. आम्ही लावत नाही, कारण साहेबांच्या बदलीचा कागद कधी येईल याचा नेम नसतो.

प्लायवाला, जळगाव

माझे प्लाय-हार्डवेअरचे दुकान आहे, त्यामुळे मी नवीन प्लाय घ्या असेच म्हणेन अशी शंका कुणी घेईल, ती घ्यावीच. तरीही हे सामान टाकून देऊ नका.

तुमचा खरा शत्रू कूलर आहे. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो, लाकूड सुकून आकसते, आणि त्याच खोलीत रात्रभर ओली हवा सोडली जाते. पाणी पांढऱ्या थरातून आत जात नाही, उघड्या कडेतून जाते, आणि पार्टिकल बोर्ड एकदा फुगला की वाळल्यावर पुन्हा मूळ मापावर येत नाही. म्हणून जिथे जिथे करवत लावाल, अगदी स्कर्टिंगच्या त्या खाचेतसुद्धा, तिथे एज बँडची, म्हणजे उघडी कड झाकणारी, पट्टी चिकटवा. खाचेत पट्टी बसत नसेल तर पॉलिशचे दोन-तीन हात द्या. रॅकखाली दोन ते तीन इंचांचे धातूचे पाय लावा. तेवढे करायचे नसेल तर कडप्पाचे चार तुकडे ठेवा, फरशी पुसताना पाणी तळाला लागणार नाही आणि काळ्या मातीतल्या घरांना वाळवीचा जो त्रास असतो तोही लवकर दिसेल. कूलर आणि रॅकमध्ये हातभर अंतर असू द्या.

दारांविषयी सांगतो. बिजागरीच्या वाटीसाठी ३५ मि.मी. व्यासाचे भोक लागते आणि त्याची खोली १२-१३ मि.मी. असते, म्हणजे १५ मि.मी.च्या दारात पलीकडे जेमतेम दोन-तीन मि.मी. उरतात. ड्रिलच्या पात्यावर चिकटपट्टीने खोलीची खूण केली नाही, तर दाराच्या पुढच्या बाजूला फोड येतो, आणि तो झाकायला माझ्याकडे काही मिळत नाही. तुमचे दार बाजूच्या फळीवर पूर्ण चढणार असेल तर झिरो क्रँकची बिजागरी मागा, दार चौकटीच्या आत बसणार असेल तर सोळा क्रँकची. चौकोनी रॅकच्या पोकळ बाजूंना मात्र दारे टांगू नका, तिथे स्क्रूला धरायला काही नाही.

रंग देऊ नका, हे माझे प्रामाणिक मत आहे. त्या गुळगुळीत थरावर साधा प्रायमर धरत नाही आणि पहिल्याच उन्हाळ्यात नखाने सुटतो. फक्त नव्या दारांना रंगाचा सनमायका लावा, तोही दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूला लावलेले दार आपल्याकडच्या उन्हाळ्यात धनुष्य होते. सनमायकासाठी रबराचा फेव्हिकॉल दोन्ही पृष्ठभागांना लावून बोटाला चिकटेनासा झाला की मगच दाबायचा असतो. दुपारी पंख्याखाली तो वाटीतच सुकतो, म्हणून हे काम सकाळी आठच्या आत उरका.

अमळनेरकर नाना

मला हा भुशाचा कारभार मनापासून पटत नाही, पण मुलीच्या टेबलासाठी एक सुचवतो. आपल्याकडे जुनी माळवदाची घरे पडतात, तेव्हा सागाची दारे जुन्या बाजारात येतात. त्यांतली एक फळी घ्या. ठोकून पाहा, भद्द आवाज आला आणि कडेला मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी आहे, सोडून द्या. चांगली मिळाली तर ७२ सें.मी.च्या त्या चौकोनी रॅकवर तिचे एक टोक ठेवा आणि दुसरे भिंतीतल्या लोखंडी अँगलवर. उभ्या बाजूंवर वजन सरळ खाली जाते, तिथे तुमचा भुसासुद्धा तग धरेल.

धुळ्याचा रंधा

नानांची युक्ती मला आवडली. फळी तीन सें.मी. जाड असेल तर टेबल ७५ सें.मी. उंच होईल, म्हणजे नेमके लिहिण्याच्या उंचीचे. भिंतीला ड्रिल लावल्यावर कोणता चुरा पडतो ते पाहा. लाल चुरा असेल तर वीट आहे, साधी गिट्टी (भोकात स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी) चालेल. पांढरा मऊ चुरा असेल तर हलका ब्लॉक आहे आणि त्याला वेगळी लांब गिट्टी लागते. उंच रॅकसुद्धा वरून भिंतीला एल पट्टीने बांधा. दारे लावल्यावर वजन पुढे येते, आणि लहान मूल खालच्या फळीवर पाय ठेवून चढले की रॅक अंगावर येतो. २०१६ मध्ये अमेरिकेत अशाच अपघातांमुळे आयकियाला सुमारे २ कोटी ९० लाख खणांची कपाटे परत बोलवावी लागली होती.

गिरणाकाठ, जळगाव

सर्वांचे आभार. दीड महिन्याने लिहिते आहे. चौकोनी रॅक कापला नाही. चोपड्याकडून एक जुनी सागाची फळी मिळाली, ती रॅकवर आणि अँगलवर बसली, आणि रॅक दारासमोरून हलल्याने गच्चीचे दारही पूर्ण उघडते. फळीच्या कोयंड्याच्या भोकातून मुलीने टेबललॅम्पची वायर खाली सोडली आहे. डाळीच्या फळीखाली उभी पट्टी बसवून घेतली. तेच सुतार आले होते, सागाची फळी पाहिल्यावर त्यांनी तिथला भुसाही मुकाट्याने कापला.

एकच गोष्ट राहिली. ज्या उंच रॅकला दारे लावली, त्याची दोन दारे खाली जुळतात आणि वर एकमेकांना घासतात. बिजागऱ्यांचे स्क्रू फिरवून पाहिले, फरक पडला नाही. दोन्ही कर्ण मोजले, तर त्यांत सहा मि.मी.चा फरक आहे.

धुळ्याचा रंधा

मग दोष दारांत नाही, रॅकच काटकोनात नाही. भिंतीची पट्टी सोडवा, दारे उतरवा, पाठीच्या हार्डबोर्डचे खालचे खिळे तसेच ठेवून बाजूचे आणि वरचे खिळे काढा. जो कर्ण लांब आहे त्याच्या वरच्या कोपऱ्यावर हाताने दाबत कर्ण पुन्हा मोजायला लावा, दोन्ही सारखे झाले की कुणालातरी तसेच धरून ठेवायला सांगा आणि खिळे जुन्या भोकांच्या शेजारी नव्या जागी ठोका. भिंतीची पट्टी त्यानंतरच आवळा, आणि बिजागऱ्यांना सगळ्यांत शेवटी हात लावा.