पाठीवर सॅक, खिशात मोजके पैसे : नाशिककरांचा अनुभव धागा

धागाकर्ता
'मी इथे गेलो, तिथे गेलो' नको. डोक्यात काय ठरवून निघायचं, पैसे कुठे वाचतात आणि कुठे वाचवायला गेलं की अंगाशी येतं, एवढंच लिहा. सुरुवात मी करतो. स्वस्तात फिरताना पैशांऐवजी वेळ खर्च होतो. कळसूबाईला नाशिकहून गाडी केली तर दारातून दारात जाता येतं. एसटीने जायचं तर घोटी गाठायची, तिथून भंडारदरा-राजूरकडची गाडी पकडून पायथ्याच्या बारी गावाला उतरायचं. जोडगाडीच्या नादात घोटीत तासभर बसावं लागलं तर तो तास 'वाया गेला' म्हणायचा नाही, तो हिशोबातच धरलेला असतो. ज्याने धरलेला नसतो, तो वैतागून तिथेच जीप ठरवतो आणि दोन दिवसांचं बजेट सकाळी नऊलाच संपवतो.

इंदिरानगर
एकूण रकमेला दिवसांनी भागायची चूक सगळे करतात. समजा ६,००० रुपये आणि ५ दिवस आहेत. आधी जाण्यायेण्याचे १,८०० काढा. मग परतीची हमी म्हणून १,००० वेगळ्या पाकिटात, सॅकच्या तळाशी ठेवा. ते पैसे नाहीतच असं समजा. उरले ३,२००, म्हणजे रोजचे ६४०. आज ८०० गेले तर उद्याचे ४८०. ही तूट मुक्कामात किंवा रिक्षात भरून काढायची, जेवणापाण्यात नाही. पोट बिघडलं की डॉक्टर, औषधं आणि एक जादा मुक्काम, हे सगळं त्या १,००० मधून जातं. आणि हो, हिशोब रात्री झोपण्यापूर्वी लिहायचा. सकाळी चहाचे पैसे आठवत नाहीत.

सातपूर
एसटीच्या लोकांसाठी. गावात उतरल्यावर पहिला प्रश्न 'गड कुठे' नाही, 'परतीची शेवटची गाडी कितीला' हा. उत्तर कंडक्टरला विचारा, शिवाय थांब्यावरच्या टपरीवाल्यालाही विचारा; दोघांचं जुळलं तरच खरं. ती चुकली की काळी-पिवळी, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. बऱ्याच गावांत मुक्कामी गाडी असते, रात्री येऊन थांबते आणि पहाटे परत निघते. तिची वेळ माहीत असली की निम्मी काळजी मिटते.

'आवडेल तेथे प्रवास' पास ४ आणि ७ दिवसांचा मिळतो. दिवस मध्यरात्रीपासून मोजतात, त्यामुळे रात्री दहाच्या गाडीने सुरुवात केलीत तर एक दिवस दोन तासांत संपला. बायकांना साध्या तिकिटातच निम्मी सवलत आहे. पास काढण्यापूर्वी सुट्या तिकिटांची बेरीज करून बघा.

पंचवटी
धर्मशाळा, भक्तनिवास. फोनवर तीन गोष्टी विचारा: एकट्या माणसाला खोली देता का (बरेच ठिकाणी नाही), दिवस २४ तासांचा की ठरावीक वेळेचा, आणि रात्री दार कितीला बंद होतं. दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. खोली सोडायची वेळ ठरावीक असेल आणि तुम्ही पहाटे पाचला पोहोचलात, तर काही तासांसाठी आख्ख्या दिवसाचे पैसे लागतात. त्यापेक्षा सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाकून फिरायला लागा. सॅकला कुलूप नसेल तर तिथे घेत नाहीत. चेनच्या दोन्ही टोकांत बसेल असं छोटं कुलूप घरूनच न्या. मूळ आधारकार्ड आणि दोन झेरॉक्स. त्र्यंबकला श्रावणी सोमवारच्या आसपास स्वस्त खोली शोधायच्या भानगडीत पडूच नका, नाशिकला राहून पहाटेच्या गाडीने जा.

नाशिकरोड
'रात्रीचा प्रवास केला की मुक्काम वाचतो' हे इथे कोणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो: एक रात्र ठीक, लागोपाठ दोन नाही. दुसऱ्या दिवशी माणूस किल्ला चढत नाही, सावली शोधतो. मग दुपारी झोपायला खोली घेतो, म्हणजे वाचवलेलं तिथेच गेलं.

गंगापूर रोड
सॅक. इथे थोडं लांबण लावतो, कारण बजेट सॅकच्या वजनावरच मोडतं. ओझं जड झालं की दोन किलोमीटर चालवत नाही आणि रिक्षाला हात जातो.

आठवड्यासाठी ४० लिटर पुरते. कपड्यांचे तीन जोड: एक अंगावर, एक दोरीवर, एक कोरडा. तिसऱ्याला दिवसा हात लावायचा नाही, तो फक्त झोपायला. जीन्स नको, पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात ती दोन दिवस वाळत नाही आणि ओली असताना मांडीला घासते. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या उंचीला. त्या बाहेरच्या बाजूला गेल्या की सॅक मागे ओढते आणि खांदे भरून येतात. कमरेचा पट्टा आधी आवळा, नंतर खांद्याचे. वजन कमरेच्या हाडावर बसलं पाहिजे.

सॅकच्या वरचं रेनकव्हर पुरेसं नसतं. पाठीच्या बाजूने पाणी झिरपतंच. आतून एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी अस्तरासारखी लावा, तोंड पिळून खाली दुमडा. चार-पाच मीटर नायलॉनची दोरी आणि चार चिमटे, बस. पाणी लिटरला किलोभर भरतं, त्यामुळे गावात भरायची सोय असेल तिथे दोन बाटल्या भरून चालू नका. गडावर मात्र उलट: टाक्यातलं पाणी आहे म्हणून एकच बाटली नेऊ नका.

सिडको
खाण्याचं दोन ओळींत. पहिल्या दोन दिवसांसाठी दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी. दशम्या पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफ धरली की दुसऱ्या दिवशी बुरशी. सुती फडक्यात गुंडाळा.

इंदिरानगर
@सिडको, चटणीत ओला लसूण घातला असेल तर तीही टिकत नाही. लसूण भाजून घ्या.