मदत हवी आहे : कॅमकायनेज-२ ची फॉस्फो-अँटीबॉडी केंद्रकातही चमकते

उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधून (मेंदूचा स्मृतीशी संबंधित भाग) वाढवलेल्या चेतापेशींत कॅमकायनेज-२ या विकराच्या अल्फा रूपातील थ्रिओनिन-२८६ या अमिनो आम्लावरील फॉस्फोरिलेशन (फॉस्फेट जोडले जाणे) मी फॉस्फो-विशिष्ट, म्हणजे फॉस्फेट जोडलेले रूपच ओळखणाऱ्या, अँटीबॉडीने तपासत आहे. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने ओळखण्याची पद्धत) ५० किलोडाल्टनजवळचा अल्फाचा आणि ६० जवळचा बीटा या भावंड रूपाचा पट्टा ग्लुटामेट दिल्यावर ठळक होतो व लॅम्डा फॉस्फटेज या फॉस्फेट काढणाऱ्या विकराने दोन्ही नाहीसे होतात, त्यामुळे तिथे शंका नाही. अडचण इम्युनोफ्लुओरेसन्समध्ये (पेशीतली अँटीबॉडीची चमक सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) आहे : तीच अँटीबॉडी केंद्रकात, आणि जिथे अल्फा अपेक्षितच नाही अशा जीएफएपी (या पेशींचे ओळखचिन्ह असलेले प्रथिन) असलेल्या, चेतापेशींना आधार देणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसाइटमध्येही चमकते.

केवळ दुय्यम (पहिलीला चिकटून चमक देणारी) अँटीबॉडी लावलेली काच काळी दिसते. स्थिरीकरण ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडने केले आहे. ब्लॉकिंगला (अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून) बीएसए हे प्रथिन घेतो, कारण दुधातले केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे. अँटीबॉडीत फॉस्फोपेप्टाइड (तिच्या लक्ष्याचा फॉस्फेटयुक्त छोटा तुकडा) मिसळल्यावर सगळीच चमक जाते, पण त्यावरून अँटीबॉडी पेप्टाइडला चिकटते एवढेच कळते. पेशीत ती आणखी कशाला चिकटते, हे कळत नाही. अल्फाचे जनुक निकामी केलेले नॉकआउट उंदीर आमच्याकडे मिळू शकत नाहीत, मात्र अल्फाविरुद्धचा एसएचआरएनए (त्याची निर्मिती घटवणारा छोटा आरएनए) आहे.

स्थिर केलेल्या पेशींवर लॅम्डा फॉस्फटेज वापरलेल्यांनी कृपया सांगावे : ते पर्मिअबिलायझेशननंतर (पेशीपटल सच्छिद्र केल्यावर) किती तापमानाला, किती वेळ ठेवावे? आणि त्याने गेलेली चमक दुसऱ्याच एखाद्या फॉस्फोप्रथिनाची असू शकते हे लक्षात घेता, जोडीला एसएचआरएनएचा पुरावा पुरेसा धरावा का?